खाली काही ठेवू नको

घरात आली की ती बसायची नाही. चपला दाराशी काढून थेट स्वयंपाकघरात जायची, सिंकखालचं कपाट उघडायची आणि तिथूनच ओरडायची, "ह्या खाली कशाला ठेवलास गो?"

मग फिनेल, संडास साफ करायचं ॲसिड, कपडे धुवायचं ब्लीच, सगळं माळ्यावर जायचं. असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आपल्याच घरात आपल्याला पाहुणं करून टाकणारं.

सौदीतल्या खमीस मुशैतमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर ती राहायची. रत्नागिरीकडची, नवऱ्याचं टायरचं दुकान होतं. इमारतीतल्या आम्ही सगळ्या तिला भाभी म्हणायचो आणि ती गेली की हसायचो. चहासुद्धा ती उभ्यानेच प्यायची. नजर टेबलावर, पलंगाखाली, पाहुण्यांच्या पिशव्यांवर भिरभिरत असायची. एकदा समोरच्या घरात पाण्याच्या बाटलीत भरलेलं ब्लीच दिसलं, तर न विचारता मोरीत ओतून आली. त्या बाईने पुढे तिला दार उघडणं सोडलं. भाभी म्हणाली, "नको उघडू दे. बाटली तर गेली."

तिचा मुलगा शाळेत जायचा. आवाज घोगरा, जेवायला फार वेळ लावायचा. भाभी त्याला अजून मऊ खिचडी भरवायची. लाडावलाय, असं आम्ही म्हणायचो.

माझ्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. एका दुपारी त्यांचा डोळा लागला होता आणि मी कपडे वाळत घालत होते. भाभी खाली आली. माझा दोन वर्षांचा मुलगा गालिच्यावर पडला होता. मला वाटलं, खेळून दमलाय. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. घामाने थबथबलेलं. शेजारी सासूबाईंची पर्स उघडी होती आणि त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी चावलेली.

"किती होत्या हिच्यात?" तिने विचारलं. दचकून उठलेल्या सासूबाईंना आठवेना. त्या रडत आत धावल्या आणि मिठाचं पाणी घेऊन आल्या. "उलटी होऊ दे, उलटी होऊ दे."

भाभीने त्यांच्या हातातला पेला हिसकावला. सगळं पाणी गालिच्यावर सांडलं. "काही पाजू नका! यल्ला, चल, पोराला उचल. पट्टी घे."

तिच्या नवऱ्याच्या पिकअपमधून आम्ही इस्पितळात गेलो. वाटेत ती मुलाचे गाल थोपटत होती, त्याला हाका मारत होती. डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि लगेच शिरेतून साखर सुरू केली. रक्तातली साखर पुन्हा उतरू शकते, ठेवून घ्यावं लागेल, म्हणाले.

बाहेरच्या बाकाजवळ ती येरझारा घालत राहिली. मी म्हटलं, "भाभी, बसा ना जरा."

"बसवत नाही गो," ती म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून बोलली. "माझा ह्याच्याएवढा होता. मोरी साफ करायचं औषध प्यायला. मी घाबरले, घशात बोट घालून ओकायला लावलं. उतरताना जळलं होतं, वर येताना पुन्हा जळलं. डॉक्टर म्हणाला, हे करायचं नसतं. मला कुठे ठाऊक होतं? अन्ननळी आवळते त्याची. अजून मधूनमधून रुंद करून घ्यावी लागते."

मी तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने डोळे उघडले आणि मोठ्याने दूध मागितलं. काचेपलीकडून तिने ते ऐकलं. मग ती बाकावर बसली, आणि बसल्याबसल्या तिला झोप लागली. नवरा न्यायला आला, तरी आम्ही तिला उठवलं नाही.

पुढच्या वर्षी दुकान बंद झालं आणि ती माणसं कायमची गावी गेली. मुलाच्या उपचारासाठी ती त्याला आता मुंबईला नेते. फोनवर सांगते, "बरा हाय. सावकाश जेवतो." आणि पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवते.

वरचं घर अजून रिकामंच आहे. दुपारी मुलगा झोपला की मी छताकडे बघत पडते. डोक्यावर कुणीच चालत नाही, आणि मला झोप लागत नाही.