शिक्षेआधीचा प्रश्न

ऑरिन तव्यावर बटाट्याच्या लेफ्सा, म्हणजे नॉर्वेकडच्या पातळ पोळ्या, भाजत होता आणि आर्डिस चष्मा शोधत होती. चष्मा कपाळावर होता.

"न्यायमूर्ती, पुरावा तुमच्याच डोक्यावर आहे," नवरा म्हणाला. तेवढ्यात दार वाजलं.

दारात लोर्ना. बुटांना बर्फ, छातीशी फाईल. एकोणतीस वर्षं आर्डिसच्या कोर्टात उच्चारलेला शब्दन् शब्द या लघुलेखिकेने टिपला होता. पण शनिवारी ती घरी कधी आली नव्हती.

फेडरल कोर्टात आपण हुशारीने पोचलो, असा आर्डिसचा दावा कधीच नव्हता. पहिल्या उमेदवाराने माघार घेतली, दुसऱ्याची भानगड निघाली आणि हिच्याबद्दल बरंवाईट काहीच कुणाला आठवेना, म्हणून सिनेटने मान डोलावली, असं ती सांगायची. पहिल्याच दिवशी "सर्वांनी उठावं" असा पुकारा झाला, तेव्हा ही काळा झगा घालून दाराआड अदबीने उभीच राहिली, न्यायाधीश येण्याची वाट बघत! शेवटी लोर्नाने हळूच आत ढकललं. पुढे वरच्या कोर्टाने तिचे सतरा निकाल फिरवले. ते चौकटीत घालून न्हाणीघरात लावायचा तिचा विचार होता, पण ऑरिनच्या मते भिंत पुरली नसती. आता वय एक्याऐंशी. नेमणूक तहहयात, त्यामुळे 'बाई, आता घरी बसा' म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

"काल त्या ट्रकवाल्या डेलला सहा वर्षं दिलीत ना, जजसाहेब?" लोर्ना उभ्याउभ्याच म्हणाली. "मी तीनदा तपासलं. शिक्षेआधी 'तुम्हाला काही सांगायचंय का' हे तुम्ही त्याला विचारलंच नाही."

आर्डिस मटकन खुर्चीत बसली. कायद्याने विचारावाच लागणारा, हजारभर माणसांना विचारलेला प्रश्न. झोपेत उठवलं तरी विचारला असता, अशी तिची घमेंड होती.

"दोन्ही वकील काय करत होते?"

"घड्याळ बघत होते. जेवायची वेळ झाली होती."

"आणि तो?"

"त्याच्या हातात घडी केलेला कागद होता. सबंध वेळ."

"मग नोंदीत एक ओळ घालून टाक की, लोर्ना," चुलीजवळून ऑरिन म्हणाला. "कुणाला कळतंय?"

दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की लेफ्सा करपली.

"तू तुझा तवा सांभाळ," आर्डिस म्हणाली. "लोर्ना, झालं तसंच नोंदव. सोमवारी त्याला परत आणायला सांग. चूक माझी होती हे मी भर कोर्टात सांगते, त्याचा कागद शेवटपर्यंत ऐकते आणि शिक्षा नव्याने ठरवते."

"बरं." लोर्नाने फाईल मिटली. ऑरिनने तिच्यापुढे साखर-लोणी लावलेली, न करपलेली लेफ्सा ठेवली.

"आणखी एक," आर्डिस म्हणाली. या वेळी तिने विनोद केला नाही. "पुन्हा असं झालं तर अशीच येऊन मला सांग. मी त्याच दिवशी पद सोडेन."