काळ्या शिलेदाराने हात वर केला

दोह्यात येऊन माणूस काय काय शिकतो. कोणी वाळूच्या डोंगरावर गाडी चढवायला शिकतो, कोणी समुद्रात गळ टाकायला. मी युरोपातली पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीची दोन हाती तलवार चालवायला शिकलो. हे गावाकडे फोनवर सांगितलं तेव्हा माझा बाप, ज्याचं उभं आयुष्य मार्केट यार्डात पोती उचलण्यात गेलं, म्हणाला, "इंजिनेर झालास ते बरं झालं. पण आता हे आन कशाला?"

मला वाईट वाटलं नाही. आमच्या भावकीत पदवी घेतलेला पहिला माणूस मी, हे सांगायला मला लाज वाटत नाही. कोणी विचारलं नाही तरी सांगतो. अभ्यासातलं काही अडलं तर घरात विचारायला कोणी नव्हतं. त्यामुळे एक सवय लागली, की शिकायचं तर मुळापासून. मग तो एसीच्या डक्टमधला हवेचा दाब असो, की तलवारीचा पवित्रा.

आमचा वर्ग दर शुक्रवारी सकाळी अल थुमामातल्या एका बॅडमिंटन हॉलमध्ये भरतो. शिकवणारा पोलिश आहे, विमानांच्या दुरुस्तीत काम करतो. जुन्या जर्मन आणि इटालियन हस्तलिखितांतल्या चित्रांवरून तो एकेक डाव उलगडून दाखवतो. लोखंडी तलवार आणायची म्हणजे कस्टम्सच्या माणसाला काय काय समजावून सांगायचं, म्हणून आम्ही नायलॉनच्या तलवारींनी खेळतो. डोक्याला जाळीचा मुखवटा, अंगात जाड कोट, हातात हॉकीच्या गोलकीपरसारखे मोजे. एसी चालू असला तरी तासाभरात माणूस पिळून निघतो.

या वर्गात पंच नसतो. ज्याला वार लागला त्याने स्वतःच थांबायचं, डावा हात वर करायचा आणि मोठ्याने सांगायचं की लागला. समोरच्याने "लागला ना, लागला ना" करायचं नाही. मला हे फार आवडलं. ऑफिसमध्ये साइटवर पाणी गळलं की दहा माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात. इथे माणूस आपणहून हात वर करतो. दोन वर्षांत ती सवय इतकी अंगात भिनली की घरी बायकोने मला एखाद्या मुद्द्यावर गप्प केलं की माझा डावा हात वर जायला लागला.

"खाली घ्या तो हात," ती म्हणायची. "आणि कचरा टाकून या."

तर अशा माणसाला मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातल्या बालनाट्यात लढाईचं काम मिळालं.

नाटक बसवणाऱ्या बाई पुण्याच्या. सगळे त्यांना ताई म्हणतात, त्यांच्याहून मोठेसुद्धा. परदेशी राजवाडा, दुष्ट काळा शिलेदार, शूर राजपुत्र आणि न्यायनिवाडा करणारी राणी अशी गोष्ट होती. राणी माझी लेक. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते; राणीला दोनच वाक्यं होती म्हणून तयार झाली. राजपुत्र आणि शिलेदार मात्र मोठी माणसं हवी होती, कारण मुलांच्या हातात तलवारी दिल्या तर काय होईल ते ताईंना माहीत होतं. राजपुत्र झाला माझा वर्गातला जोडीदार. वसईचा, हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, गळा गोड आणि देह दाराएवढा. काळा शिलेदार मी.

चिलखत मी वर्कशॉपमध्ये डक्टच्या उरलेल्या पत्र्याचं केलं. खरं चिलखत असतं तसं, पट्ट्यांवर पट्ट्या चढवून, रिव्हेट मारून. काखेत फट ठेवली, कारण तिथे पत्रा बसवला तर हात वर होत नाही. सिनेमात दाखवतात की चिलखत घातलेला माणूस पडला की कासवासारखा उताणा राहतो. साफ खोटं. वीस-पंचवीस किलोचं ओझं अंगभर वाटलेलं असतं. त्यात लोक पळायचे, घोड्यावर चढायचे. दुसरं खोटं म्हणजे तलवारीच्या एका घावात चिलखत कापलं जातं. पत्रा कापायला आमच्याकडे मशीन लागतं, आणि हे लोक हाताने कापतात! खऱ्या लढाईत चिलखतवाल्यावर तलवार चालत नाही म्हणून तिचं पातं एका हाताने मधोमध घट्ट पकडून भाल्यासारखं टोक फटीत घालायचे, नाहीतर सरळ अंगाला भिडून आडवं पाडायचे.

हे सगळं मी ताईंना पहिल्या तालमीत करून दाखवलं. मी आणि जोडीदार समोरासमोर उभे राहिलो, भिडलो, मी त्याच्या काखेत टोक लावलं. त्याने हात वर केला.

"झालं?" ताईंनी विचारलं.

"झालं."

"अहो, मी शिंकले असते तर चुकलं असतं! मला चार मिनिटं हवीत."

"चार मिनिटं कशाला, ताई? खरी लढाई एवढीच असते."

"पडद्यामागे चौदा मुलं जंगलातल्या प्राण्यांची दरबारी मंडळी होणार आहेत. शेपट्या काढायच्या, फेटे घालायचे, नाड्या बांधायच्या. तुमची लढाई संपली की पडदा उघडतो. मग काय सशाला प्रधान करू?"

पण मी हटलो नाही. दोन वर्षं घाम गाळून खरं शिकायचं आणि मराठी लोकांसमोर पहिल्यांदा दाखवायची वेळ आली की सिनेमातलं करायचं? दोनशे माणसं बघणार, त्यातली निम्मी मुलं. त्यांनी हेच खरं म्हणून घरी न्यायचं? मी तावातावाने बोललो. ताई शांतपणे ऐकून घेत होत्या.

"इंजिनिअरसाहेब," त्या म्हणाल्या, "तुमचं खरं तुमच्या वर्गात. इथे एकमेकांच्या तलवारीवर मारायचं, अंगावर नाही. ठण ठण ठण, गोल फिरायचं, परत ठण ठण. जमत नसेल तर लढाई काढते आणि तिथे नाच टाकते. मुली तयारच आहेत."

नाच! जोडीदाराने माझ्या पायावर पाय दिला. मी मान डोलावली.

त्यातही एक घोळ होता. नायलॉनच्या तलवारींचा ठण ठण आवाज येत नाही, लाटण्यावर लाटणं आपटल्यासारखा ठक ठक येतो. मग माझ्या बायकोने विंगेत उभं राहून स्टीलच्या ताटावर कालथा मारायचा, असं ठरलं. तालमीत ती इतकी रंगली की आम्हीच तिच्या तालावर लढायला लागलो.

चार आठवडे आम्ही ती खोटी लढाई बसवली. शुक्रवारी सकाळी वर्गात माणसावर मारायचं आणि संध्याकाळी बिन महमूदला ताईंच्या हॉलमध्ये तलवारीवर मारायचं. माझी कुरकुर चालूच होती. बायको म्हणाली, "काय करायलात हो? दिवाळीचं नाटक आहे ते, तुमच्या कॉलेजातला व्हायवा नाही."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी शाळेचा हॉल गच्च भरला. जंगलाचा प्रवेश झाला, ससे आणि अस्वलं पडद्यामागे पळाली, पडदा पडला आणि त्याच्यापुढे आम्ही दोघं आलो. माझं चिलखत चकाकत होतं. टाळ्या पडल्या. मी दुष्ट हसलो. विंगेत ताट वाजलं आणि आम्ही सुरू झालो.

पहिली दोन चक्करं ठरल्याप्रमाणे झाली. तिसऱ्या वेळी मी तलवार वर नेताना जरा उशीर केला. डोकं उघडं पडलं. जोडीदाराने माझ्या तलवारीवर मारायचं होतं, पण उघडं डोकं दिसलं की त्याचा हात दोन वर्षांत कुठे जायला शिकला होता? वार सरळ माझ्या मुखवट्यावर, मधोमध. ठक्!

आणि मी थांबलो. ठरवून नाही, विचार करून नाही. डावा हात वर गेला आणि तोंडातून निघालं, "लागला! मान्य!"

जोडीदारानेही सवयीने तलवार खाली घेतली आणि मला सलामी दिली. दुष्ट काळा शिलेदार पहिल्याच मिनिटात प्रामाणिकपणे हरून, हात वर करून उभा. आणि स्टेजवर काय झालं ते न बघता विंगेत माझी बायको ताट बडवतेच आहे, ठण ठण ठण! दोन माणसं पुतळ्यासारखी उभी आणि तलवारी मात्र वाजतायत. लोक खुर्चीवरून पडायचे राहिले.

"अहो, मरू नका!" ताईंचा आवाज पडदा फाडून आला. "अजून एकाही नाडीला गाठ बसलेली नाही!"

"आता काय रे?" जोडीदार मुखवट्यातून कुजबुजला. "बसवलेलं सगळं विसरलो मी."

मीही विसरलो होतो. येत होतं ते एकच.

"परत," मी म्हणालो. "वर्गातल्यासारखं. जागेवर जा."

आम्ही आपापल्या टोकाला गेलो, सलामी दिली आणि खरे खेळलो. एकमेकांवर. यावेळी मी त्याच्या मनगटावर टोचलं. त्याने हात वर केला, "लागला! मान्य!" मुलांना नियम कळायला एवढंच पुरलं. पुढच्या वाराला पहिल्या रांगेतून आवाज आला, "लागलाऽऽ!" त्यानंतरच्या वाराला सगळ्या हॉलमधून. एक काका उभे राहून दोन्ही हातांनी चौकोन काढून थर्ड अंपायर मागायला लागले. एका वाराला मुलं ओरडली, "लागला, लागला!" मी जोडीदाराकडे बघितलं. त्याने मान हलवली. त्याच्या तलवारीलाच लागला होता. मी मुलांकडे वळून म्हटलं, "नाही लागला." त्यावरही टाळ्या!

बायकोने ताट केव्हाच ठेवून दिलं होतं आणि ती विंगेतून डोकं बाहेर काढून बघत होती.

आता भानगड अशी झाली की मी जिंकत होतो. जोडीदाराला दम लागला. तलवारी अडकल्या तसा तो म्हणाला, "बाबा रे, राजपुत्र मी आहे. एखादा सोड की."

"सोडणार नाही. घे."

"पोरं बघतात!"

"म्हणूनच घे."

तो चिडला. चिडलेला एक्स-रेवाला वाईट. त्याने डावा हात सोडून स्वतःचं पातं मधोमध पकडलं. मागून कोणी तरी ओरडलं, "अरे, उलटं काय धरतोस!" तो मुसंडी मारून माझ्या अंगाला भिडला. मी तलवार दाबायला गेलो, पण त्याने खांदा माझ्या छातीच्या पत्र्यात घातला आणि पाय मागून अडकवला. मी गेलो आडवा. असा आवाज झाला की डक्टचा अख्खा ढीग जिन्यावरून सोडावा. उठायला कोपरावर आलो तोवर त्याने गुडघा टेकून टोक माझ्या काखेत, मी स्वतः ठेवलेल्या फटीत, लावलं होतं. सांगतो, मी सोडला नव्हता. त्याने घेतला.

"लागला," मी म्हणालो. "मान्य!"

हॉल दणाणला आणि पडदा उघडला. चौदा दरबारी फेटे बांधून उभे होते. एकाची शेपटी राहिली होती, पण असू दे.

आता राणीने उठून "या कपटी माणसाला अंधारकोठडीत टाका" असं म्हणायचं होतं. माझी लेक उठली. पण समोरची पोरं ऐकेनात. "कपटी नाहीये!" "खरं सांगितलं त्याने!" "सोडा त्याला!" तिने ताईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाठ केलेलं वाक्य आता चालणार नव्हतं आणि दुसरं कोणी दिलेलं नव्हतं. मी तिच्यासमोर गुडघ्यावर, मुखवट्यात घामाच्या धारा.

"काळ्या शिलेदारा," ती म्हणाली, एकेक शब्द शोधत. "तू... वाईट आहेस. पण तू खोटा नाहीस. म्हणून कोठडी नको. तू... तू आता राजपुत्राला शिकव. कारण त्याला खूप वेळा लागला."

जोडीदार सगळ्यात मोठ्याने हसला. मी वाकून नमस्कार केला आणि जरा वेळ तसाच वाकून राहिलो, कारण तोंड सरळ करायला वेळ लागला.

कार्यक्रम संपल्यावर चकल्या-करंज्यांच्या टेबलापाशी मला उभं राहू देईनात. चिलखत वाजवून बघायचं, पातं धरून बघायचं. मी पातं कसं धरतात ते दाखवलं, हात सरकला नाही तर कापत का नाही ते सांगितलं. आयाबायांना सांगितलं, आजोबांना दोनदा सांगितलं. मग गर्दी बाजूला झाली आणि ताई आल्या. जरीची साडी, केसात गजरा, चेहरा तालमीतलाच. मी बोलणी खायच्या तयारीने उभा राहिलो.

"द्या ती इकडे," त्या म्हणाल्या.

मी तलवार दिली आणि जोडीदाराची स्वतः घेतली. त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी मूठ धरली.

"डावा पाय पुढे, ताई. वजन दोन्हींवर."

त्यांनी माझ्या हातातल्या दुसऱ्या तलवारीवर हलकेच ठक केलं.

"तलवारीवर नाही," मी मुखवटा चढवत म्हणालो. "माझ्यावर मारा."

"खरंच?"

"खरंच. मनापासून."

त्यांनी तलवार उचलली. चार आठवड्यांच्या माझ्या कुरकुरीचं उत्तर त्या वारात होतं. माझ्या कानात अजून गुणगुणत होतं तेव्हा हॉलचा वॉचमन दिवे मालवत "यल्ला, खलास!" ओरडायला लागला, आणि ताई म्हणाल्या, "थांबा हो दोन मिनिटं. यांना अजून एकदा मारायचंय."