बॅटरी कोण खाते?

धाडच्या बसस्टँडजवळ माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. शेजारी सलीमभाई बॅटऱ्या चार्ज करतात. सकाळी सकाळी कोणी गाडी ढकलत आणताना दिसलं की आम्ही एकमेकांकडे बघतो. आला आजचा किस्सा! इतके साठलेत की चहा संपतो, किस्से संपत नाहीत.

*

सुभाष जीपवाला एकदा रडकुंडीला येऊन म्हणाला, "भाऊ, बॅटरीले नजर लागली!"

बॉनेट उघडलं, तर पठ्ठ्यानं बॅटरीच्या टर्मिनललाच लिंबू-मिरची बांधलेली. रस गळून टर्मिनल पांढरंफटक!

सलीमभाई म्हणाले, "नजर कायची बे? तू तं तिचं लोणचं घातलं!"

*

बंद गाडीत बॅटरी कोण खातं, ते शोधायची आमची रीत सोपी. बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये बल्ब लावायचा. पेटला, म्हणजे कोणीतरी खातंय. मग एकेक फ्यूज काढायचा. बल्ब विझला की चोर सापडला.

याच सुभाषच्या जीपमध्ये चोर निघाला डॅशबोर्डवरचा देव! भोवती रंगीत लायटिंग, रात्रंदिवस चालू.

"काढू का?" मी विचारलं.

"देवाले हात लावू नको, भाऊ. दुसरं कोणी खात असन तं पाह्य!"

*

एका ट्रॅक्टरचे सगळे फ्यूज काढले तरी बल्ब पेटलेलाच. तेवढ्यात सीटखाली रिंग वाजली. मालक ज्याच्यासाठी गावभर फिरला, तो मोबाईल तिथं थेट बॅटरीवर चार्जिंगला!

फोन घरून होता. "अवो, मोबाईल सापडला का?"

*

नामदेवकाकांच्या जुन्या जीपपुढे मात्र मी हात टेकले. दर दोन-तीन दिवसांनी बॅटरी उतरलेली, आणि माझा बल्ब काही पेटेना! पुण्याच्या मुलानं सांगून टाकलं होतं, "आता बंद पडली तर विकतो." काकांचा सगळा जीव त्या जीपमध्ये. मला फार वाईट वाटायचं.

हरभऱ्यात रानडुकरं शिरतात, म्हणून काका दिवस मावळायच्या आत वावरात जागलीला जायचे. गाडी दारात उभी. एका तिन्हीसांजेला मी त्यांच्या घरीच गेलो.

काकूंनी देवापुढे दिवा लावला, तुळशीपुढे लावला. मग जीपमध्ये हात घालून पार्किंग लाईट लावला आणि हात जोडले!

"काकू, हा बंद कधी करता?"

"सांजचा दिवा कोणी इझवते का, बापू? तो आपसूक शांत होते."

मी तडक वावर गाठलं. काका मचाणावर बसलेले. वर गावाच्या कडेला घर, आणि दारात जीपचे दोन दिवे.

"काका, तुमाले हे माहीत होतं?"

"हाव. रोज सकाळी मीच तं बंद करतो."

"मंग मले सांगतलं काऊन नाही? तिकडं पोरगा गाडी विकून राह्यला ना!"

काका दिव्यांकडेच बघत होते.

"तुले सांगतलं असतं, तं तू तिले सांगतलं असतं. मंग तिनं लावला नसता बे."