जीपमधले उष्टे मास्क

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी लोहाऱ्याहून धाराशिवला नेणारा एक जीप ड्रायव्हर मला अजून आठवतो. पन्नाशीचा, शांत माणूस. गाडीत आम्ही अकरा जण मांडीला मांडी लावून बसलो होतो आणि मास्क फक्त त्याच्या तोंडावर होता, नाकावर नीट दाबून बसवलेला. शाळेत विज्ञान शिकवणारा मी माझा मास्क घरीच विसरलो होतो.

शहर जवळ आलं तसं त्यानं सीटखालची पिशवी काढून मागं दिली.

"लावा सगळ्यांनी. पुढं पोलीस हायत."

पिशवीत निळे मास्क होते. माझ्या वाट्याला आलेला ओलसर होता, त्याला कुणाच्या तरी तंबाखूचा वास येत होता.

"हे धुता का?" मी विचारलं.

"धुतो की. रविवारी."

त्या दिवशी शनिवार होता.

"असल्या मास्कनं रोग थांबतो असं वाटतं तुम्हाला?"

"ह्यानं दंड थांबतो, सर. रोगासाठी असा लागतो," तो स्वतःच्या मास्कला बोट लावून म्हणाला. "घरी म्हातारी आई हाय. हा म्या कुणाला देत न्हाय."

मास्कनं माणूस वाचतो हे आमच्यात फक्त त्यालाच पटलेलं होतं, आणि आम्हाला उष्टे मास्क वाटणाराही तोच होता.

समोर खाकी कपडे दिसले. मी तो मास्क नाकावर ओढला, श्वास रोखला आणि त्याला थँक्यू म्हणालो.