बाराही महिने फुलणारा गुलाब

परवा नातीनं गुलाबाची कुंडी आणली. सकाळी फिकट असलेलं फूल दुपारच्या उन्हात गडद झालं, आणि मला पंचावन्न-छप्पन्न सालचा कामरगावातला सासऱ्यांचा फुलमळा आठवला. तिथला गावठी गुलाब उन्हाळा लागला की थांबायचा, आणि फुलांची तोड सरली की सुनांना माहेरी धाडायची घरची रीत होती. एकदा सासऱ्यांनी कुठल्याशा बंगल्यातून नव्या गुलाबाच्या काड्या आणल्या, सोबत बागकामाचं एक जुनं पुस्तक. घरात वाचता येणारी मी एकटीच. सासरे म्हणाले, "वाच वं माय, काय लिवलं हाय याचं?" मी वाचलं, जुनी चिनी जात, वास मंद, रंग उन्हानं चढत जातो. पुढे छापलं होतं, ‘बाराही महिने फुलते.’ बाराही महिने फुलं म्हणजे बाराही महिने तोड, मग माहेर कुठलं? काड्या फेकून देतील या आशेनं मी वाचलं, "होळीपर्यंतच फुलते." पण सासरे रंगावरच भाळले आणि त्यांनी अर्धा मळा लावून टाकला. पुढची होळी गेली, गावठी झाडं थांबली, चिनी काही थांबेना. बोटं काट्यांनी सोलली, माहेरी जायला भरलेली पेटी कोपऱ्यात तशीच. सासरे मात्र खुशीत, "पुस्तकवाल्याले काय मालूम? आपल्या मातीचा गुन हाय हा. आता तुले कसं धाडू, माय? तोडनार कोन?" मी मान खाली घालून तोडत राहिले. ती ओळ खरी वाचली असती, तर काड्या लावायच्या आधी "मग मी माहेरी कधी जाऊ?" एवढं तरी विचारता आलं असतं.