रुमाल टाकलेली जागा

१९९४ साल. माझं वय तेव्हा चौसष्ट, आणि तोवर कुणाचा हेवा करायची पाळी माझ्यावर आली नव्हती. हेवा करण्याजोगं गावात कुणी असायला नको का? पण त्या साली माझा साडू, म्हणजे आमच्या मंडळींच्या धाकट्या बहिणीचा नवरा, रिटायर होऊन सांगलीहून आमच्या गावात राहायला आला. मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो, काही न चोरता माणसाला इतका लुटणारा इसम सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा झाला नाही.

साडू एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर होता. सारी नोकरी भोंग्यातनं गाड्या पुकारण्यात गेली, त्यामुळं अंगात एक खोड मुरलेली. कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची. एकदा ऐकणाऱ्यांसाठी आणि एकदा चहा पीत बसलेल्यांसाठी. जेवायला बसला तरी "आमटी अळणी आहे", आणि जरा दम घेऊन त्याच सुरात, "आमटी अळणी आहे." मेहुणी म्हणायची, "आवं, कळलं की पयल्यांदाच. ताटावरनं गाडी सुटत न्हाई." आवाज मात्र पितळी घागरीत बोलल्यासारखा. असा आवाज मला असता तर मी निदान आमदार झालो असतो. ह्यानं त्याचं काय केलं, तर माणूस म्हणजे कोण, हे विचारत बसला.

कोरेगावच्या अलीकडं आमचं गाव. दूध डेअरीसमोर लिंबाखाली दगडी कट्टा आहे. त्यावर पाठीला बुंधा येतो ती मधली जागा माझी. सकाळी दूध घालून झालं की माणसं टेकायची आणि मी बोलायचो. कुस्त्या, बैल, कुणाच्या विहिरीला कुठं पाणी लागलं. चौथीत शाळा सुटली माझी, पण माझं ऐकायला मास्तर थांबलेले आहेत. एका सकाळी म्हैस व्याली म्हणून मला उशीर झाला. जाऊन बघतो तर माझ्या जागेवर चौकड्यांचा रुमाल, आणि साडू नळावर चूळ भरतोय. गर्दीच्या गाडीत खिडकीतनं रुमाल टाकला की सीट त्याची, हा कायदा आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असतो. मी उचलायला वाकलो तर लोकच म्हणाले, "आप्पा, रुमाल हाय की त्यावर." माझ्या जागेवर मलाच कायदा सांगितला. त्या दिवसापासून मी कट्ट्याच्या कडेला, उन्हात.

आणि मधल्या जागेवरनं पुकारा सुरू झाला. "गाडीला गाव नसतं, बोर्ड लावला की गाव येतं. जगण्याचंही तसंच. अर्थ आपण लावायचा." हे अर्थातच दोनदा. आठवडाभरात ते वाक्य तालुक्याबाहेर गेलं. वडूजला लेकीकडं निघालो तर जीपमधला अनोळखी माणूस मलाच ते ऐकवायला लागला. घरी यावं तर आमची मंडळी भाकरी थापताना म्हणतात, "काय बी म्हणा, पाव्हण्यांचं बोलणं लय खोल." चाळीसच्या वर वर्षं माझं बोलणं ऐकलं या बाईनं, पण खोल म्हणून कधी म्हणाली नाही.

एकदा म्हणाला, "झोपताना माणूस स्वतःच्या जागेवर रुमाल टाकून जातो आणि सकाळी येऊन तिथंच बसतो. मधल्या वेळात तिथं कोण होतं?" डेअरीतल्या पोऱ्याचं माप हातात तसंच राहिलं. मी म्हणालो, "मधल्या वेळात म्हैस रेकत हुती. उठून बघायचं." कुणी हसलं नाही. साडू तेवढा हसला, मनापासून. त्यानं तर आणखीच जळजळ झाली.

मग मीही ठरवलं, आपणही एक वाक्य काढायचं. दोनदा सांगायची गरज पडू नये असं. पाण्याची पाळी होती, उसात दारं धरायला गेलो आणि खोऱ्यावर हनुवटी टेकून विचारात पडलो, की हे मी मी म्हणणारं आत कोण आहे. आतलं कुणी सापडायच्या आधी बांध फुटला आणि माझं पाणी शेजारच्या वाट्यात गेलं. शेजारचा वाटा साडूचा, मेहुणीच्या नावावरचा. संध्याकाळी दारात येऊन म्हणाला, "आप्पा, आभारी आहे." थोडं थांबून पुन्हा, "आप्पा, आभारी आहे."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्यानं मला सरळ विचारलं, "आप्पा, तुम्ही म्हणजे कोण?"

"मी म्हंजे मी. तीन एकर ऊस हाय माझा."

"ऊस तोडून नेला तर मागं काय राहतं?"

"खोडवा," मी चिडून म्हणालो. "बुडख्यातनं परत फुटतोय. येवढं बी म्हाईत न्हाई आन् शेती करायला आला."

साडू एकदम उभा राहिला. रोजच्या जागेवरनं उठून, भोंगा धरल्यागत हात तोंडाशी नेऊन त्यानं पुकारलं, "आप्पा म्हणतात, ऊस गेला तरी खोडवा राहतो." आणि परत तेच. गावानं ते उचललं. साडू दरवेळी "आप्पा म्हणतात" असं लावूनच सांगायचा, पण लोक तेवढंच गाळून पुढं न्यायचे. घरी मंडळी म्हणाल्या, "ऐकलं का, पाव्हणं काय म्हनलं? खोडवा राहतो म्हनं." आयुष्यात एक वाक्य केलं मी, तेही त्याच्या नावावर लागलं.

पुढच्या थंडीत त्याचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणाले. मग घशात गाठ निघाली आणि मुलगा त्याला ऑपरेशनला सांगलीला न्यायला आला. तरी जायच्या दिवसापर्यंत कट्ट्यावर येऊन बसत होता. फुटक्या आवाजात एखादं बोलायचा, आणि दुसऱ्यांदा बोलताना नुसते ओठ हलायचे. लोक पुढं सरकून ऐकायचे. मीही सरकलो. उन्हातनं सावलीत यायला म्हणून.

फाट्यावर सोडायला मी गेलो होतो. पिशवी मीच धरली होती. गाडी आली, खिडकीतनं मुलानं रुमाल टाकला, साडू चढून बसला. मला म्हणाला, "येतो."

मी खिडकीखाली उभा राहिलो. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, तरी उभाच. त्या माणसाला ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच त्यानं एक गोष्ट एकदाच सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी कट्ट्यावर गेलो. मधली जागा मोकळी होती, बुंध्याला टेकून बसायला कुणाची आडकाठी नव्हती. खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, त्या जागेवर नीट पसरला आणि कडेला माझ्या उन्हात जाऊन बसलो. दूध घालायला पहिला माणूस आला, त्यानं विचारलं, "आप्पा, टावेल कुणाचा रं ह्यो?"

"जागा धरलीया," मी म्हणालो.

तो डेअरीकडं वळला. मग मी जरा दम घेऊन परत म्हणालो, "जागा धरलीया."