वानखडे सर आणि दोन स्लॉटचा बोर्ड

वानखडे सर कुठल्याही यंत्राचं माहितीपुस्तक शेवटच्या पानापासून वाचत. "कंपनी पुढच्या पानावर फुशारकी मारते नं बापू, खरं मागं बारीक अक्षरात लिहिते," असं त्यांचं म्हणणं. नागपूरच्या पॉलिटेक्निकात त्यांनी तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं होतं. २०२०च्या फेब्रुवारीत ते आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला, आमच्या शेजारी, लेकीकडे, दोन महिन्यांसाठी आले आणि लॉकडाउनमध्ये अडकले. काकू गुडघ्यांच्या दुखण्यामुळे नागपूरलाच राहिल्या होत्या.

आमची ओळख मागच्या अंगणातल्या कुंपणावरून झाली. ऑफिस बंद झाल्यामुळे मला घरी दणकट कॉम्प्युटर जोडायचा होता. मेमरी ओव्हरक्लॉक करायची, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायची, असाही बेत होता. रंगीत दिव्यांचा, मेमरीसाठी चार स्लॉट म्हणजे खाचा असलेला एक मदरबोर्ड मी त्यांना मोबाइलवर दाखवला. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मेमरीच्या पट्ट्या किती लावणार?"

"दोन."

"मंग चार स्लॉट काहून घेऊन राहिला? दोनचाच घे. प्रोसेसरपासून मेमरीचा रस्ता जितका छोटा, तितका सिग्नल स्वच्छ. दिवे दिवाळीत लाव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद कुंपणावर ठेवला. कंपनीनं दोन स्लॉटच्या एका बोर्डावर तपासून पाहिलेल्या पट्ट्यांची ती यादी होती, जागोजागी पेन्सिलच्या खुणा केलेली. साधा, काळा बोर्ड ठरला.

सप्टेंबरात तो आला. मग रोज दुपारी सर स्वेटर, कानटोपी घालून कुंपणापाशी खुर्ची टाकत. मी मेमरीचा वेग एक पायरी वाढवायचो, टेस्ट लावायचो आणि चूक आली की खिडकीतून वाचून दाखवायचो. मी घाई केली की म्हणत, "चालू झाला म्हणजे जमला असं नसते. टिकला पाहिजे." मधेच काकूंचा फोन आला तर सांगत, "थांब जरा, याची टेस्ट चालू आहे."

ऑक्टोबरात लंडनमार्गे परतीची सोय झाली. लेकीनं तिकीट काढलं, पण सरांनी ते पुढं ढकललं. हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं. एप्रिलमध्ये काकूंना कोविड झाला आणि पाचव्या दिवशी त्या गेल्या. भाच्यानं स्मशानात फोन धरला होता. सरांनी लेकीच्या स्वयंपाकघरात उभं राहून ते पाहिलं.

आठवड्यानं ते कुंपणापाशी आले. दाढी वाढली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ऑक्टोबरात जायला पाहिजे होतं मी. तुझ्या बोर्डापायी थांबलो असं मनाला लावून घेऊ नको. रिटायर झाल्यावर मला कोणी काही विचारत नव्हतं. इथं तू रोज विचारत होता. बरं वाटून राहिलं होतं, म्हणून थांबलो."

 मग ते वळून आत गेले.

जुलैत ते नागपूरला परतले. दोन-तीन महिन्यांनी मी त्यांना फोन केला. मेमरीच्या व्होल्टेजबद्दल एक अडचण रचून ठेवली होती. खरं तर कॉम्प्युटर उत्तम चालत होता.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"तुला येते नं आता," ते म्हणाले. "मला नको विचारत जाऊ, बापू."

आणि त्यांनी हळूच फोन ठेवला.